टेम्पोतली तीनशे बारा माणसं

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत हेमांगी चुरीला एक कागद हवा होता. सदर बाईंना आम्ही मोकळं केलं आहे, त्यांच्याकडे आमचं कोणतंही काम शिल्लक नाही, एवढाच त्यावरचा मजकूर. पालघरच्या नव्या कंपनीने तो सहापर्यंत मेलवर मागितला होता. न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं त्यांनी इतक्या नम्रपणे कळवलं होतं की ते नक्की बोलावतील याबद्दल शंका उरू नये.

नवी नोकरी फार मोठी होती अशातला भाग नाही. ती साडेपाचला संपायची आणि संपल्यावर फोन करायची नाही, हे तिचं वैशिष्ट्य. बोईसरच्या नोकरीचा फोन गेली चार वर्षं केळव्याच्या घरी जेवणाच्या वेळी, आंघोळीच्या वेळी आणि एकदा तर साखरपुड्यात वाजला होता. साखरपुडा दुसऱ्या कुणाचा तरी होता म्हणून बरं. माई, म्हणजे हेमांगीची आई, फोन उचलून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मग तो डब्यातून वाजायचा. पण तिथून वाजला तरी तो ऑफिसचाच आहे हे समजायचंच.

आता या फोनचा उगम सांगायला हवा.

कृष्णकांत सावे यांचं ऑफिस बोईसरला नवापूर रोडवर, पाइपच्या दुकानाच्या वर. सावे सर पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तारापूरच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर विकायला घेतलं. कारखान्यांना हवं असतं ते साधारण सारखंच असतं. कुणीतरी अर्ज भरतो, कुणीतरी तो मंजूर करतो, आणि कुणी तिसरा त्याची यादी छापून फाइलला लावतो. रजेसाठी एक कप्पा, कॅन्टीनसाठी एक, हातमोज्यांसाठी एक. या कप्प्याला धंद्यात मॉड्यूल म्हणतात.

दर वेळी तोच कप्पा नव्याने बांधायचा कंटाळा येऊन हेमांगीने एक हत्यार बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'साचा'. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: साचा, नवा, रजा. अकरा सेकंदांत रजेचा फोल्डर, त्यातल्या नऊ फायली, कोरा अर्ज, माहितीचा तक्ता आणि मेनूमधलं नाव आपोआप हजर. आत अर्थातच काही नसायचं. घर बांधायला घ्यावं आणि आधी दारावरची पाटी लावून मोकळं व्हावं, तसं ते असायचं. हेमांगीला वाटलं होतं की यामुळे तिचे दोन दिवस वाचतील. सावे सरांना वाटलं की घर तयार झालं. ते पाटी दाखवून घर विकायला लागले आणि चार वर्षांत त्रेचाळीस मॉड्यूलं विकून बसले.

साचा बनवण्यासाठी काहीतरी नमुना लागतो. हेमांगीकडे त्या वेळी एकच मॉड्यूल होतं, एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवरचं, गाड्यांच्या आवक-जावकीचं. तिने ते घेतलं, आतलं सगळं काढून टाकलं आणि रिकाम्या टरफलाला साचा म्हटलं. सगळं काढलं म्हणजे जवळजवळ सगळं. एक चौकट राहिली. 'वाहन क्रमांक', पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि त्या चौकटीमागे गेटचा नियमही राहिला. गाडी आत असेल तरच तिचा नंबर चालणार, आणि गाडी कायमची बाहेर गेली की तिच्यासोबतची माणसंही बाहेर गेली असं धरणार.

तेव्हापासून रंगाच्या कारखान्यात रजेला गाडीचा नंबर लागू लागला. जेवणाच्या कुपनाला लागला. फाटके बूट बदलून घ्यायला लागला.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी तक्रार करील, मग काढू, असं हेमांगीने ठरवलं होतं. तक्रार आली नाही. रेशनला काय लागतं, गॅसला काय लागतं, हे का लागतं म्हणून विचारून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. मागतायत तर देऊ. अडचण एवढीच होती की कामगारांच्या गाड्या गेटच्या आत घेत नसत. बरेचसे तर टमटमने यायचे.

ही अडचण सोडवली गेटवरच्या अंकुशने. अंकुश मासवणचा. गेटच्या खिडकीत बसून आवक-जावक नोंदवणं हे त्याचं काम, त्यामुळे कुठली गाडी आत आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बॉयलरच्या मागे एक टेम्पो सात वर्षं उभा होता. त्याला इंजिन नव्हतं. तो कधी बाहेर जाण्याची भीती नव्हती. अंकुशने त्याचा नंबर कॅन्टीनच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिला, आणि तेव्हापासून कारखान्यातले तीनशे बारा कामगार त्या टेम्पोत बसून जेवत होते, रजेवर जात होते आणि बूट बदलत होते. कागदोपत्री.

आता शुक्रवार. सकाळी पावणेदहाला हेमांगी ऑफिसात आली तेव्हा सावे सर बिनसाखरेचा चहा घेऊन तिच्या टेबलाशी उभे होते.

"पत्र टाइप करून ठेवलंय," ते म्हणाले. "सही तेवढी राहिलीय."

"मग करा ना, सर."

"करणारच. रंगवाल्यांचा फोन आला होता."

हेमांगीने पर्स खांद्यावरून काढली नाही.

"त्यांची माणसं गेली," सर म्हणाले.

"कुठे?"

"तेच ते विचारतायत. कॅन्टीनचं मशीन कुणाला नाश्ता देत नाहीये. गेटवर तो बोर्ड आहे ना, आत किती माणसं आहेत ते दाखवणारा, आग लागली तर मोजायला? त्यावर शून्य आलंय. आणि तीनशे बारा जण त्याच्याखाली उभे आहेत."

"टेम्पो," हेमांगी म्हणाली.

"टेम्पोच," सर म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. "तेवढं करून ये. शिल्लक काम नाही असं मी लिहून देतोय, तर ते नसायला हवं."

"इथूनच आत शिरून नोंद उलटवता नाही येत का?"

"तूच ती कुलूपबंद केलीयेस. एकदा 'कायमची जावक' झाली की आम्हीसुद्धा बदलू शकत नाही, असं मी सगळीकडे सांगत फिरलोय. त्या कुलपासाठीच लोक आपला माल घेतात, म्हणून तर आपण जगलो."

तेही खरं होतं. बाहेर गेलेली गाडी परत आणायची तर ती गेटमधूनच यायला हवी होती, कॅमेऱ्यासमोरून, नंबर प्लेट दाखवत.

रिक्षाने कारखान्यात पोचेपर्यंत साडेदहा झाले. अंकुश खिडकीबाहेर उभा होता. खिडकी त्याला ओळखत नव्हती, कारण तोही टेम्पोतच होता.

"या मॅडम," तो म्हणाला. "मी आता तुमच्या हिशोबाने इथं नाय."

"कधी गेला टेम्पो?"

"काल संध्याकाळी. ललितभाईंनी सफाई मोहीम काढली, भंगारात दिला. मी सांगितलं त्यांना, भाई, याला हलवू नका, यात तीनशे बारा माणसं हायत. ते आत डोकावले. दोन फुटकी पिंपं आणि एक मांजर होती. मला म्हणाले, अंकुश, तू घरी जाऊन झोप जरा."

"आणि नोंद?"

"मीच केली. त्यांनी उभं राहून करून घेतली. 'कायमची जावक' दाबताना माझं बोट थांबलं होतं. पण बोटाचं कोण ऐकतं."

ललितभाई शहा हे कारखान्याचे नवे मॅनेजर. ते केबिनमध्ये होते, आणि एकटेच होते, कारण केबिनचं कुलूपही सकाळपासून कुणाला ओळखत नव्हतं. दार रात्री उघडं राहिलं होतं म्हणून ते आत शिरले होते एवढंच.

"चुरी मॅडम," ते काचेतून म्हणाले, "टेम्पोचा आणि माझ्या माणसांचा संबंध काय, मला एका वाक्यात सांगा."

हेमांगीने एका वाक्यात सांगायचा प्रयत्न केला. ते वाक्य चार वर्षं लांबीचं होतं. ललितभाईंनी मधेच हात वर केला.

"म्हणजे टेम्पो परत आणला की माणसं परत येतील?"

"हो."

"मग आणा ना. समजून घेऊन मी काय करू?"

भंगारवाल्यांची रांग चिल्हार रस्त्याला. अंकुश आणि हेमांगी कारखान्याच्या रिक्षाने निघाले. दुपारचं ऊन असं होतं की बोलायचं तर तोंड उघडावं लागेल याचाच कंटाळा यावा. अर्ध्या वाटेत अंकुशने विचारलं, "हे नक्की कशाने होतं, मॅडम? तुमचा तो साचा, म्हणजे विटांच्या साच्यासारखाच ना?"

"तसाच."

"मग मला समजलं. आमचे आईबाप भिवंडीकडे भट्टीवर जायचे, दिवाळीनंतर. मीपण थापल्यात. एका वर्षी सुताराने साचा दिला, त्याचा एक कोपरा आत गेलेला. कुणाला कळला नाय. चाळीस हजार इटा पडल्या तेव्हा शेठच्या लक्षात आलं."

"मग काय केलं?"

"साचा ठोकून सरळ केला."

"आणि विटा?"

"इटा कशा सरळ होतील? पडल्या त्या पडल्या. वाळल्या, भाजल्या, विकल्या. गवंडी तिथं चिखलाचा गारा जास्त भरतो." त्याने घाम पुसला. "आमी पण चार वर्षं गाराच भरतोय म्हणा की."

हेमांगीला यावर हसू यायला हवं होतं. तिने त्रेचाळीसला तीन आठवड्यांनी गुणून पाहिलं. प्रत्येक मॉड्यूल नंतर हाताने भरलेलं, प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं, प्रत्येकात ती चौकट वेगळ्या ठिकाणी रुतलेली. एकेक उकरून काढायची तर अडीच वर्षं. पालघरचे लोक नम्र होते, पण इतके नव्हते.

भंगारवाल्याने त्यांना बसायला दोन पिंपं दिली.

"टेम्पो तो काट दिया, मॅडम. सुबह ही."

गॅसने कापलेले पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते. टेम्पो उभा होता त्यापेक्षा आडवा पडल्यावर जास्त नीटनेटका दिसत होता.

"नंबर प्लेट?" हेमांगीने विचारलं.

"प्लेट पडी है. प्लेट का क्या करोगे?"

"उसमें तीनसौ बारा आदमी है," अंकुश म्हणाला.

भंगारवाल्याने प्लेट उचलून उलटसुलट करून पाहिली. मग अंकुशला दिली. असल्या गोष्टीत पडायचं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण नुसती प्लेट हातात धरून गेटमधून चालत गेलं तर कॅमेरा ती घेत नाही, हे अंकुशला अनुभवाने माहीत होतं. खाली चाकं दिसायला लागतात. तेव्हा भंगारवाल्याकडची एक हातगाडी मागून घेतली. अंकुशने पुढच्या दांडीला तारेने प्लेट बांधली आणि ते दोघं ती ढकलत परत निघाले. हातगाडीला नंबर लावणं कुठल्या कायद्यात बसतं याचा विचार हेमांगीने केला नाही. नाक्यावरच्या पोलिसानेही केला नाही. त्याने फक्त बाजू दिली.

गेटवर अंकुशच्या खिडकीत आता ठेकेदाराने पाठवलेला नवा सिक्युरिटीवाला होता. कारखान्यात त्या दिवशी अस्तित्वात असलेला तो जवळजवळ एकमेव माणूस.

"गाडीचा प्रकार?" त्याने विचारलं.

"इतर," अंकुश म्हणाला.

"ड्रायव्हरचं लायसन?"

अंकुशने मोटरसायकलचं दिलं.

कॅमेऱ्याने पहिल्यांदा गाडी नाकारली, कारण ती फार हळू होती. दुसऱ्यांदा नाकारली, कारण अंकुश समोर आला. तिसऱ्यांदा हेमांगीने ती मागून ढकलली, पर्स दातात धरून, आणि अडथळ्याची दांडी वर गेली.

"सोबतची माणसं?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं. पुढे नावं लिहायला चौकटी होत्या.

"'मागीलप्रमाणे' असं बटण असेल," हेमांगी धापा टाकत म्हणाली. "ते दाबा."

त्याने दाबलं. बोर्डावरचं शून्य गेलं आणि तीनशे बारा आलं. कॅन्टीनच्या रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या माणसाने नंबर टाकला, मशीनने कुपन दिलं, रांग एक पाऊल सरकली. साडेतीन वाजले होते. भाजी संपली होती.

हातगाडी परत द्यायची होती आणि प्लेट आतच ठेवायची होती. गेटमधून नेली तर पुन्हा जावक होईल म्हणून अंकुशने गाडी मागच्या भिंतीवरून बाहेर उतरवली आणि प्लेट कॅन्टीनमध्ये, ऑइलपेंटच्या नंबराखालीच, चार खिळ्यांनी ठोकली. आता ती गाडी कुठेही जाणार नव्हती.

हेमांगी ललितभाईंकडे गेली. केबिनचं कुलूप आता त्यांना ओळखत होतं.

"हे कायमचं सुटलेलं नाही," ती म्हणाली. "ती चौकट मुळात चुकून राहिलेली आहे. माझी चूक आहे. तुम्ही पत्र दिलंत तर सावे सर एकेक मॉड्यूल दुरुस्त करून घेतील. मी नसेन, पण लिहून ठेवते सगळं."

ललितभाईंनी कपाटातून एक फाइल काढली. चष्मा लावला.

"गेल्या वर्षी आमचं ऑडिट झालं. मी नवा आहे, पण वाचलंय. पुण्याहून दोघं आले होते. ऐका. 'प्रत्येक व्यवहार आवारातील वाहनाशी जोडलेला असल्याचे आढळले. ही पद्धत उल्लेखनीय असून अन्य कारखान्यांनी तिचे अनुकरण करावे.' इथे शिक्का आहे."

"पण ते चुकून..."

"मॅडम, शिक्का आहे. मी ते काढलं तर पुढच्या ऑडिटला काय सांगू? उल्लेखनीय होतं ते काढलं?" त्यांनी फाइल मिटली. "चूक म्हणू नका त्याला. आणि ते पाहुण्यांच्या चहाचं नवं मॉड्यूल सांगितलं होतं, ते आज मिळणार होतं ना?"

ऑफिसात परतायला पाच वाजून गेले. सावे सर सही न करता पत्रासमोर बसले होते. हेमांगीने त्यांना पाणी पिता पिता सगळं सांगितलं. ऑडिटचं ऐकल्यावर त्यांनी पत्र जवळ ओढलं.

"म्हणजे चूक नाहीये," ते म्हणाले.

"शिक्का आहे."

"मग शिल्लक कामच राहिलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "चहाचं तेवढं पाडून दे. अकरा सेकंदांचं काम."

हेमांगी मशीनवर बसली. साच्याची मूळ फाइल उघडली. चार वर्षांत तिने ती एकदाही उघडली नव्हती, नुसती वापरली होती. त्या चौकटीच्या ओळीवर तिनेच स्वतःसाठी लिहिलेली एक टीप होती: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' खाली तारीख होती, आणि त्या दिवसाच्या उत्साहात तिने पुढे एक हसरा चेहराही काढला होता.

तिने ओळ खोडली. जुन्या विटा राहू देत, पुढची एक तरी सरळ पडू दे. मग काळ्या पडद्यावर टाइप केलं: साचा, नवा, चहा. अकरा सेकंदांनी चहाचा अर्ज उभा राहिला. पाहुण्याचं नाव, चहा की कॉफी, साखर हवी की नको. बस. इतका साधा अर्ज या ऑफिसात आजवर कुणी पाहिला नव्हता. सावे सर खुर्ची ओढून बघायला आले.

"छान दिसतंय गं," ते म्हणाले.

"हो ना."

"गाडी कुठाय?"

हेमांगीने खोडलेल्या ओळीच्या जागेवर बोट ठेवलं.

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तू काढशील. तुला वाटलं असेल मी सांगीन." त्यांनी चष्मा पुसला. "आता हे असं दिलं तर ललितभाई म्हणतील, अर्धवट आहे. परत पाठवतील. मग ते शिल्लक काम होईल. मला खोटं लिहून द्यायला जमत नाही, तुला माहीत आहे."

घड्याळात पाच चाळीस झाले होते. खाली दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं.

तिने ओळ परत टाकली. लाल चांदणीसकट. मग टिपेपाशी थांबली. चार वर्षांपूर्वी घाईत झालेलं काम आता तिने शांतपणे, समजून, स्वतःच्या हाताने केलं होतं, तेव्हा जुनी टीप तशीच ठेवणं बरं दिसलं नसतं. तिने 'नंतर काढणे' खोडून 'काढू नये' लिहिलं. हसरा चेहराही खोडला. पुन्हा चहा पाडला. आता पाहुण्याला चहा हवा असेल तर गाडीचा नंबर द्यावा लागणार होता.

सरांनी सही केली. पत्र स्कॅन झालं, पालघरला गेलं. पाच बावन्नला तिकडून उत्तर आलं, नम्र, तीन ओळींचं: सोमवारी दहाला या.

हेमांगीने पर्स उचलली. सर दारापर्यंत आले.

"सोमवारी काही अडलं तर फोन केला तर चालेल?"

"करा ना, सर."

"उचलशील?"

ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती. कठडा धरून थांबली, तिने वर पाहिलं.

"साडेपाचनंतर करा," ती म्हणाली. "तेव्हा मी उचलत नाही."

सरांनी मान डोलावली आणि वेळ लिहून घेण्यासाठी पेन शोधायला आत गेले.